दोन डब्यांच्या मधला वेळ



आमच्या घरात २०२५ साल उजाडलं ते पाण्याच्या पातेल्याभोवती. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले आणि बघता बघता आकडा दोनशेच्या पुढे गेला. तोवर हे नाव आमच्या सोसायटीत एकदोन डॉक्टर सोडले तर कुणी ऐकलेलं नव्हतं. आठवडाभरात लिफ्टमध्ये दुसरा विषय नव्हता. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते, आधी पायांतली ताकद जाते, मग अशक्तपणा वर चढत जातो, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण बरे होतात, पण त्यात कित्येकांचे महिने जातात. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला.

मग काय, पाणी उकळायचं. पाच माणसांचं प्यायचं पाणी, शाळेच्या बाटल्या, ऑफिसची बाटली. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळावा लागत नाही, एवढं कळलं तरी काम संपत नाही. ते निववायचं, झाकायचं, गाळायचं, भरायचं. रात्री अकराला आणि पुन्हा पहाटे. घरातला प्रत्येक जण त्या महिन्यात आरोग्याबद्दल भरभरून बोलत होता. नवऱ्याने जिमची वर्षभराची फी भरली होती. मोठ्या मुलाने पोटाचे स्नायू दिसायला किती दिवस लागतात याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली होती. सासूबाईंनी सकाळी कोमट पाणी, दुपारी ताक असा बेत आखला होता. आणि या सगळ्यांना लागणारं पाणी उकळणारे हात एकाच बाईचे होते.

वर्ष सरताना मला म्हणूनच वजनाचे आणि पावलांचे आकडे सांगावेसे वाटत नाहीत. मला तुमच्याशी वेळेबद्दल बोलायचंय. घरातल्या माणसांची तब्येत ज्या वेळात घडते, तो वेळ कुणाच्या दिवसातून काढला जातो, हे आपण घरी कधी उघडपणे बोलतो का?

आमच्याकडे सकाळ दोनदा होते. मोठा आठवीत, त्याची शाळा सातची. धाकटी चौथीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, तेव्हापासून तिची शाळा नऊची. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू, आणि तो मला मनापासून पटतो. धाकटी पूर्वी झोपेतच दात घासायची, आता जागी असते. पण एक पोर चौथीत आणि एक आठवीत असेल, तर रिक्षाकाका दोनदा येतात, कढई दोनदा तापते आणि ‘माझी बाटली कुठाय’ हे वाक्य दोन वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. साडेसहाला एक डबा बाहेर पडतो, साडेआठला दुसरा. पोळ्यांच्या मावशी आठला येतात, त्यामुळे पहिल्या डब्याला त्यांचा उपयोग नाही. (मावशी स्वतःच्या घरचे डबे करून येतात. त्यांच्या व्यायामाचा विचार कोण करतं, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.)

जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. कागदावर माझ्याकडे रोज दोन तास होते, साडेसहा ते साडेआठ. प्रत्यक्षात त्यात नवऱ्याचा डबा, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, धाकटीची वेणी, भाजी निवडणं, मशीन लावणं आणि ऑफिसची पहिली मेल असायची. ‘तू पण ये की चालायला,’ असं घरात मला सगळेच म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे. पण आमंत्रण देऊन वेळ मिळत नाही. कुणीतरी कढईसमोर उभं राहावं लागतं.

होळीपर्यंत जिम ओसरली. दरवर्षी ओसरते, जिमवाल्यांचं गणितच त्यावर चालत असावं. एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, तुझं ऑफिस दहाचं आहे, दुसरा डबा तुझा. मदत नको, डबाच तुझा. काय द्यायचं ते आदल्या रात्री ठरवण्यापासून, संपलेली साखर यादीत लिहिण्यापर्यंत. कारण ‘सांग, काय करू’ असं विचारणाऱ्या माणसाला सांगायला मला घरातच थांबावं लागलं असतं आणि मग मी बाहेर पडणार कधी? सुरुवातीला पोरीच्या डब्यात रोज तूपसाखर-पोळीची गुंडाळी गेली. तिची काही तक्रार नव्हती. मग सासूबाईंना राहवेना, त्यांनी मुलाला भाजणीचं थालीपीठ लावायला शिकवलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी! ‘आधीच शिकवायला हवं होतं,’ असं त्या म्हणाल्या आणि मी गप्प बसले. काही वाक्यं ऐकून घेण्यातच शहाणपण असतं. मी तेव्हापासून कालव्याच्या रस्त्याने चालायला जाते. सलग अर्धा तास जमला तर उत्तम, नाहीतर सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी भाजी आणायला चालत. हालचाल तुकड्यातुकड्यांत झाली तरी ती मोजली जाते, तेव्हा ‘पूर्ण तास मिळाला तरच जाईन’ या अटीवर बसून राहू नका.

महिला दिनाच्या निमित्ताने सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. माझं हिमोग्लोबिन दहाच्या घरात निघालं. बाराच्या खाली गेलं की बाईला अ‍ॅनिमिया म्हणतात. डॉक्टरांना त्यात नवल वाटलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना आणि २५ टक्के पुरुषांना अ‍ॅनिमिया आढळला होता. या फरकात मासिक पाळी आहे, बाळंतपणं आहेत, ते खरंच. पण शेवटी जेवायला बसण्याची रीतही आहे. पालेभाजीची कढई तळाला गेलेली असते, उसळीत रस्सा उरलेला असतो, आणि आपण लोणच्याशी पोळी खाऊन उठतो. वर लगेच चहा, जो लोहाचं शोषण अडवतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या आणि चहा तासभर लांब ठेवायला. गोळ्या घेणं सोपं होतं. घरातल्या सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसायला मला जास्त प्रयत्न करावे लागले. भात मध्येच वाढून घ्यायला हात प्रत्येकाला असतात, हे त्या निमित्ताने घराला कळलं.

नवऱ्याची पाळी मे महिन्यात आली. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत साखर काठावर आणि यकृतावर चरबी. ‘पण मी तर बारीक आहे,’ हे त्याचं पहिलं वाक्य. तुमच्याही घरात हे वाक्य कुणीतरी बोलत असेल. त्यावर मला पुण्यातलीच एक गोष्ट सांगायची आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे वजन-उंचीच्या तक्त्यात दोघेही ठीक. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला किरकोळ असलो तरी आत चरबी बाळगून असतो, आणि ती पोटात साठते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यात असंच दिसलं की आपली बाळं वजनाने कमी, हातापायांनी काटकुळी, पण चरबीच्या बाबतीत तितकी मागे नसतात. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साखर काठावर असलेले त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. त्या काठावरच्या गर्दीत आता आमच्या घरचाही एक माणूस आहे.

तेव्हा वजनकाटा माळ्यावर टाका म्हणत नाही मी, पण शिवणाच्या डब्यातली टेप बाहेर काढा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत, हा आपल्याकडचा निकष. पोट आत न ओढता मोजायची. आमच्याकडे सगळे मोजायला उभे राहिले तेव्हा फक्त धाकटी पोट बाहेर काढून उभी होती.

नवऱ्याने यावर काय केलं? पुन्हा जिमचा विषय निघाला होता, तो मी तिथेच थांबवला. रात्री जेवल्यावर सोसायटीभोवती शतपावली, एवढंच ठरलं. जुन्या माणसांची ही सवय आता तपासून झाली आहे. जेवणानंतर थोडं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. पहिले काही दिवस तो एकटा जायचा. मग मोठा त्याच्याबरोबर जायला लागला, खरं तर फोनवर रेंज चांगली येते म्हणून.

आता एक अवघड गोष्ट. ‘रात्रीचं जेवण तरी सगळ्यांनी एकत्र घ्यावं’ हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे, आणि पालकांच्या प्रत्येक सभेत कुणीतरी ते सांगतंच. मी या वर्षी कामाच्या दिवसांत ते सोडून दिलं. हिशेब मांडून बघा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, सहा ते बारा वयाच्या मुलीला नऊ ते बारा. मोठा पावणेसहाला उठतो. म्हणजे फार ताणलं तरी पावणेदहाला त्याचे डोळे मिटलेले हवेत. नवरा सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल झाल्यानंतरसुद्धा साडेआठच्या आधी घरी पोचत नाही. तो हातपाय धुऊन येणार, मग पानं घेणार, मग आवराआवर, मग मुलांचा दप्तर भरण्याचा गोंधळ. एकत्र जेवायचं म्हटलं की रोज मुलांची तासभर झोप त्यात जाते. आठवड्याला किती झाली? आम्ही मुलांचं आणि सासूबाईंचं जेवण साडेसातवर आणलं. मी त्यांच्याबरोबर जेवते. नवरा आला की त्याचं पान तो घेतो, मुलं शेजारी बसून गप्पा मारतात आणि त्याच्या पानातला पापड पळवतात. शनिवारी रात्री आणि रविवारी दोन्ही वेळा मात्र सगळे एका पंगतीला. सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात रुचलं नव्हतं. त्यांच्या एका मैत्रिणीने तर ‘हॉस्टेल झालंय तुमचं’ असं सुनावलं. पण लवकर जेवल्यामुळे त्यांचं रात्रीचं ॲसिडिटीचं जळजळणं कमी झालं, आणि स्वतःच्या पोटाने साक्ष दिल्यावर त्यांनी मैत्रिणीचं ऐकणं सोडलं. तुमच्या घरात साडेसातला सगळे हजर असतील तर तुम्ही भाग्यवान आहात, खुशाल एकत्र जेवा. नसतील, तर एकत्र जेवणाच्या आग्रहापायी पोरांची झोप खर्चू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांच्या खेळाबद्दल बोलू. पाच ते सतरा वयाच्या मुलाने दिवसाला सरासरी तासभर घामाघूम व्हावं, अशी शिफारस आहे, आणि आठवड्यातले तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही तरी, म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं, पळापळ. हे वाचलं की आपण क्लास शोधतो. बॅडमिंटनचा क्लास असतो दीड तासाचा. त्यात जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसायचं, आणि आई किंवा बाबा बाहेर गाडीत मोबाइल बघत. क्लास वाईट नसतो, पण त्या वेळात घाम नक्की किती येतो, एकदा बसून बघा.

यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला, एरवी ११ जूनला येणारा. पुण्यातही मे महिनाभर वळवाने झोडपलं होतं. उरलेली सुट्टी धुऊन गेली आणि सगळी पोरं पार्किंगमध्ये उतरली. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. पोरांनी तेव्हा ते मोबाइलवर बघितलेलं होतं. त्यांनी दोन खांबांना दोन पोरं चिकटवली आणि खो-खो चालू केला. फरशीवर गुडघे फुटले, पुढे लगोरी आली, विषामृत आलं, डबा ऐसपैस आलं. आमच्या धाकटीला कुठल्याही क्लासने दिली नसती इतकी धाव त्या पंधरा दिवसांत मिळाली, आणि तिला नेण्या-आणण्यात कुणाचाही वेळ गेला नाही. जिन्यातून हाक मारली की काम भागत होतं.

पण त्याच पार्किंगमध्ये एक पाटी आहे, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई’. तुमच्याही असेल. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आम्ही काही पालकांनी हा विषय घेतला. दीड तास वाद झाला. गाड्यांच्या काचा, आरडाओरडा, दुपारची झोप, पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची. एका आजोबांनी उठून विचारलं, ‘मग पोरांनी जायचं कुठे?’ आणि सभा जरा वेळ शांत झाली. शेवटी पाच ते सात, मागच्या बाजूची सहा गाड्यांची जागा मोकळी ठेवायची आणि देखरेखीला रोज एक मोठं माणूस, असा ठराव झाला. बहुमताने. एक काका अजूनही लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत. चालायचंच. एखाद्या क्लासच्या फीपेक्षा मला हा वैरभाव स्वस्त वाटतो.

ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली तेव्हा घरोघरी औषधांची पेटी उघडली गेली असेल. खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघालं. मूत्रपिंडं निकामी करणारं विष. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, पाचखालच्या मुलांनाही साधारणपणे देऊ नयेत. साधा खोकला बहुतेक वेळा आपला आपण जातो. पाणी, आराम, आणि मूल वर्षाच्या वरचं असेल तर चमचाभर मध. वर्षाखाली मध कधीही नाही, बाळाला मध चाटवण्याची हौस असलेल्या आज्यांनाही हे प्रेमाने सांगा. श्वास जोरात चालला, बाळ पीत नसलं, लघवी कमी झाली तर तडक डॉक्टर. उरलेल्या बाटल्या ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवू नका. आम्ही आमची पेटी रिकामी केली तेव्हा लक्षात आलं, मुलाला खोकला आला की आपल्याला औषधाची घाई का होते. उद्या सुट्टी कुणी घ्यायची, हा प्रश्न औषधाने पुढे ढकलला जातो. शाळेत ताप-खोकल्याने पोर जाऊ नये हे सगळ्यांना मान्य असतं, पण घरी कोण थांबणार यावर भांडण होतं. आमच्याकडे आता पाळी ठरलेली आहे. एकदा मी, एकदा तो. ठरवून ठेवा, पोर तापाने फणफणलेलं असताना ठरत नाही.

महिला क्रिकेट विश्वचषकातला दिवाळीनंतरचा तो सामना तुम्हीही बघितला असेल. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा काढल्या आणि नंतर मुलाखतीत सांगितलं, की या स्पर्धेत आपण किती रडलो, किती घाबरलो होतो. २ नोव्हेंबरला अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मी वर सांगितलेल्या झोपेच्या गणिताचा त्या रात्री पार बोजवारा उडाला. जिंकलो तेव्हा धाकटी सोफ्यावर उभी होती. रविवारची रात्र, दुसऱ्या दिवशी काय झालं ते विचारू नका. विश्वचषक रोज येत नाही.

पण जेमिमाचं ते बोलणं मोठ्याच्या डोक्यात राहिलं. आठवड्याने शतपावलीच्या वेळी त्याने बाबाला विचारलं, एवढी मोठी खेळाडू पण घाबरते? मग हळूच, परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्यापण पोटात गोळा येतो. नवऱ्याने ते मला रात्री सांगितलं. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून आम्ही ‘काही टेन्शन आहे का रे’ असं विचारलं असतं तर ‘नाही’ एवढंच उत्तर आलं असतं. अंधारात, शेजारी शेजारी चालताना, एकमेकांकडे बघायचं नसतं तेव्हा पोरं बोलतात. शाळेतल्या समुपदेशक बाईंशी तो दोनदा बोलून आलाय. घरात आम्ही त्याचा गाजावाजा केला नाही. दात दुखला की दाताच्या डॉक्टरकडे जातो, तसंच.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या हातात नातवाने पट्टी बांधली होती, रोज दहा हजार पावलं. दहा हजार हा आकडा १९६५ मध्ये जपानी पावलं-मोजणी यंत्र विकताना आला, डॉक्टरांनी मोजूनमापून काढलेला नव्हे. त्या आकड्याच्या नादात गुडघे धरून बसण्यापेक्षा साठी-सत्तरीच्या माणसांनी तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, आठवड्यातून तीन दिवस तरी, असं आता सांगितलं जातं. पडणं टळावं म्हणून. फिजिओथेरपिस्टने त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ओट्याला धरून टाचांवर उभं राहणं आणि एका पायावर उभं राहणं एवढंच दिलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत त्या हे ओट्यापाशी करतात. पट्टी काढून ठेवली. नवल म्हणजे पावलं आपोआप वाढली, कारण आता त्यांना जिन्याची भीती वाटत नाही.

जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या तेव्हा त्या सिंहगड रस्त्यावरून बसने दर्शनाला गेल्या होत्या. त्यांच्या वयाची, त्यांच्याहून मोठी बायामाणसं डोक्यावर तुळस घेऊन चालत होती. त्या दिवसापासून काहीतरी शिजत होतं. परवा पुढच्या वर्षाच्या बेतांचा विषय निघाला. नवऱ्याला पोहणं सुरू करायचंय, मोठ्याला सिंहगड पळत चढायचाय. सासूबाई म्हणाल्या, मला पुणे ते सासवड चालायचंय, एक दिवस. माउलींच्या पालखीचा तो मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यांनी दिनदर्शिका आधीच बघून ठेवली होती. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, वारी जुलैत जाते, म्हणजे सरावाला महिना जास्त मिळतो. आधी हडपसरपर्यंतच, जमलं तर पुढे, नाही जमलं तर बसने परत, आणि डॉक्टरांना विचारूनच, हेही त्यांनी ठरवलेलं होतं. धाकटी म्हणाली मी येणार. मी म्हटलं मीही येते.

नवरा म्हणाला, ‘तुम्ही सगळ्या निघालात तर त्या दिवशी घराचं काय?’

सासूबाई म्हणाल्या, ‘कुलूप लाव आणि तूही चल.’